गेमिंग चॅनल काढताय? आधी जार्विसचा बॅन समजून घ्या



मागच्या व्हिडिओनंतर भोकरदनमधून एका पोराचा फोन आला. "सर, गेमिंगचं चॅनल काढायचंय. धंदा म्हणून चालेल का?" चालेल की! पण माइक आणि रिंगलाइट घेण्याआधी एक प्रकरण बघून घ्या.

नोव्हेंबर 2019. इंग्लंडचा जार्विस, वय 17, 'फेझ क्लॅन'चा यूट्यूबर, 20 लाखांच्या आसपास सबस्क्रायबर. त्याने फोर्टनाइटमध्ये एमबॉट, म्हणजे आपोआप नेम लावून देणारं सॉफ्टवेअर, वापरून व्हिडिओ टाकला. बक्षिसाची स्पर्धा नव्हती, खातंही दुसरं होतं. तरी गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने त्याला कायमचा बॅन केला. रडत माफी मागितली, तरी तेव्हा कंपनी बधली नाही.

एवढं कडक का? कंपनीच्या गल्ल्यावर बसून हिशोब करा. गेम खेळायला फुकट, कमाई खेळाडूंना पोशाख आणि नाच विकून. प्रामाणिक खेळाडू वैतागून गेला की गिऱ्हाईक गेलं. त्यात लाखो लोक ज्याला बघतात त्यानेच चीट दाखवलं, म्हणजे चीटची फुकट जाहिरात! आपल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात कुणी मिरचीवर पाणी मारलं तर नाव सगळ्या बाजाराचं खराब होतं. मोठ्या व्यापाऱ्याने मारलं तर विचारूच नका.

आता आपल्या देशातलं बघा. जून 2021 मध्ये झिरोधाचे निखिल कामत कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांच्याशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळले आणि चक्क जिंकले. नंतर कॉम्प्युटरची आणि जाणकारांची मदत घेतल्याचं त्यांनीच कबूल केलं. चेस डॉट कॉमने खातं बंद केलं, पण पुढे परत चालूही केलं. डाव रेटिंगचा नव्हता आणि आनंद यांना प्रकरण वाढवायचं नव्हतं. कंपन्या वेगळ्या हे मान्य, तरी मला हा फरक खटकतो. पण मैदान त्यांचं, शिट्टीही त्यांचीच.

आणि कधीकधी तर तुमची चूक नसतानाही दुकान बंद होतं. 28 जुलै 2022 ला सरकारी आदेशावरून बीजीएमआय प्ले स्टोअरवरून गायब झाला, तो मे 2023 मध्ये परतला. फक्त त्याच गेमवर चॅनल चालवणाऱ्यांचे ते दहा महिने आठवा.

तर आज रात्री वही घ्या. ज्या गेमवर चॅनल काढणार, त्याचे चीटिंगचे नियम स्वतःच्या मराठीत उतरवा. पुढच्या पानावर लिहा: हा गेम उद्या बंद झाला तर तीन महिने व्हिडिओ कशावर करणार? ते पान कोरं राहिलं, तर माइकची ऑर्डर थोडी थांबवा.