जिनमधल्या बाईची बाळंतपणाची रजा

"जड उचलू नका, आराम करा, पालेभाजी खात जा." नोकरीत होतो तेव्हा गरोदर बायांना आम्ही हे पाठ केल्यासारखं सांगायचो. लोहाच्या गोळ्या हातात दिल्या, कार्डावर सही केली, की आमचं काम संपलं. आराम कोणाच्या पैशावर करायचा, हे आम्ही कधी विचारलं नाही.

ते एका बाईनं शिकवलं. दिवाळीनंतर जिन सुरू झाल्यापासून ती कापसावर होती, अगदी दिवस भरेपर्यंत. सिझर झालं. चौथ्याच दिवशी घरी सोडा म्हणून मागे लागली, कारण सीझन संपायच्या आत दोन हप्ते तरी तिला भरायचे होते. आम्ही रागावलो. ती म्हणाली, "सिस्टर, घरी बसल्याची मजुरी तुम्ही देता का?" आम्ही गप्प झालो. तिची मजुरी कोणी द्यायची, याचं उत्तर कायद्यात होतं. ते तिला माहीत नव्हतं आणि डिप्लोमा घेतलेल्या आम्हालाही नव्हतं.

हा प्रश्न मुंबईच्या कायदे कौन्सिलात २८ जुलै १९२८ रोजी चर्चेला आला होता. कारखान्यात काम करणाऱ्या बायांना बाळंतपणाच्या काळात भत्ता द्यावा, असं ते विधेयक होतं. बाबासाहेब १९२७ पासून त्या कौन्सिलाचे सभासद होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचं म्हणणं आपल्या शब्दांत असं: बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात साऱ्या देशाचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनं उचलावा. पण बाई कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून तर तो तिला ठेवतो. मग त्यातला वाटा त्यानंही दिला पाहिजे. दया करा, असं ते म्हणाले नाहीत. हिशेब मांडला. आम्हाला त्या भाषणातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

१९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. आपला वर्धा तेव्हा मध्यप्रांतात होता. तिथं १९३० साली तसाच कायदा आला. पुढं १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. खाणीतल्या बायांच्या मातृत्व लाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्त्या आणल्या. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी १९४३ साली प्रा. अडारकर यांची नेमणूक झाली, तीही त्यांच्याच खात्यातून. त्यातून १९४८ साली राज्य कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, कायदा झाला. कामगाराच्या पगारातून थोडं कापायचं, मालकानं त्याहून बरंच जास्त भरायचं, आणि आजारपणात औषधही मिळावं व बुडालेल्या पगाराचा काही भागही मिळावा, अशी ही रचना. आज कामगाराचा वाटा पाऊण टक्का आहे, मालकाचा सव्वातीन टक्के.

वर्धा जिल्ह्यातल्या बायांनी पुढची ओळ नीट वाचावी. ईएसआय हंगामी कारखान्यांना लागू नाही. हंगामी म्हणजे कोणते, याची यादी कायद्यातच आहे, आणि तिच्यात पहिलंच नाव कापसाच्या जिनिंगचं आहे. सूतगिरणीतल्या कामगाराला ईएसआयचं कार्ड मिळतं. त्याच गिरणीला रुई पुरवणाऱ्या जिनमध्ये सरकीच्या धुळीत खोकणाऱ्या बाईला मिळत नाही. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी या पट्ट्यात आपल्या किती घरांच्या चुली जिनवर पेटतात ते सांगायला नको. शेतात कापूस वेचणारी तर यादीच्याही बाहेर.

पण ईएसआय नाही म्हणून बाळंतपणाचा हक्कही नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. जिथं ईएसआय नाही त्या कारखान्यात मातृत्व लाभ थेट मालकानं द्यायचा असतो. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे, एवढीच मुख्य अट. जिनचा सीझन चार-पाच महिने चालतो, म्हणजे सीझनभर काम केलेल्या बाईचे ८० दिवस सहज भरतात. ती रोजंदारीवर असली तरी हक्क जात नाही. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी. दोन मुलं असतील तर पुढच्या वेळी १२ आठवडे. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही.

सगळं अडतं ते हजेरीवर. ठेकेदार म्हणतो, तुझं नाव मस्टरवर नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून घरच्या वहीत तारीख आणि मिळालेली मजुरी लिहा, लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. हप्त्याची चिठ्ठी मिळाली तर फेकू नका. सोबत काम करणाऱ्या दोघींची नावं लिहून ठेवा. रजेचा अर्ज लेखी द्या, एक प्रत पोच घेऊन ठेवा. नकार मिळाला तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

दवाखान्याचं बिल ही वेगळी गोष्ट. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार मोफत आहेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटा. पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करा. पण ही योजना बिल भागवते, बुडालेली मजुरी देत नाही. दोन्हींची गल्लत करून "सरकारनं सगळं दिलंय" असं म्हणणारे पुढारी आम्ही पुष्कळ पाहिले.

वस्तीत मतं मागायला येणाऱ्यांना आपण नाली आणि समाजमंदिर मागतो. मागावंच. पण आमदारांना हेही विचारा की जिल्ह्यातल्या जिनांची तपासणी किती वेळा झाली, किती बायांना मातृत्व लाभ मिळाला, आपल्या उपकेंद्रात नर्सची जागा रिकामी का आहे, आणि यातला एक तरी प्रश्न त्यांनी सभागृहात विचारला का. हंगामी कारखान्यांची अट काढणं संसदेच्या हातात आहे, म्हणून तो अर्ज खासदारांना द्यायचा.

अर्जाचा मसुदा आम्ही तयार करतो आहोत. त्यासाठी जिनमध्ये काम केलेल्या बायांची माहिती लागेल: किती दिवस काम, मजुरी किती, ठेकेदार की थेट मालक, बाळंतपणात काय मिळालं. रविवारी वंदना झाल्यावर विहारात बसून हे लिहून घेऊ. वह्या, चिठ्ठ्या, दवाखान्याचं कार्ड, जे असेल ते सोबत आणा. काहीच नसेल तरी या.