ओढ्याला पाणी किती येईल?



ओढ्याकाठची जमीन आपणा सर्वांना आवडते. गाळ चांगला असतो, विहिरीला पाणी लवकर लागते, गुरांना लांब न्यावे लागत नाही. म्हणून घर, गोठा, मोटारीची खोली, सारे हळूहळू तिथेच येते. दहा-बारा वर्षे काही होत नाही. मग एका रात्री ओढा सगळे घेऊन जातो आणि लोक म्हणतात, "असा पूर कधी पाहिला नव्हता." पाहिला नसेल, पण त्याचा अंदाज आधी करता आला असता. तो कसा करावयाचा ते आज पाहू.

उदाहरण हैदराबादचेच घेऊ. 28 सप्टेंबर 1908 रोजी मूसी नदीला जो पूर आला, त्यात सुमारे 15 हजार माणसे दगावली असे सांगतात. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, एवढे पाणी शहरात शिरले होते. पुढच्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलाविले. पुण्यास इंजिनियरिंग शिकलेला आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेला हा माणूस. त्यांनी नदीपात्रापुरतेच पाहिले नाही. पाणी कोठून आले, हे शोधण्यासाठी ते वर पाणलोटाकडे वळले.

तिथे त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक, शमशाबादला 24 तासांत 12.8 इंच आणि 48 तासांत 18.9 इंच पाऊस झाला होता. दुसरी गोष्ट आपल्या अधिक कामाची आहे. शहराच्या वर 862 चौरस मैलांचे पाणलोट क्षेत्र होते आणि त्यात 788 तलाव होते, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. त्यांपैकी 221 फुटले. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे आणि तोही फुटे. शहरात आले ते त्या दिवसाच्या पावसाचे पाणी तर होतेच, पण तलावांत साठलेले पाणीही एकदम आले. पुराचा सर्वांत मोठा प्रवाह सेकंदाला 4,25,000 घनफूट, म्हणजे तेवढे क्युसेक, असा काढण्यात आला.

हा आकडा नुसता ऐकून काही समजत नाही. त्यासाठी एक सोपा हिशेब पाठ करावा: एका एकरावर तासाला एक इंच या वेगाने पाऊस पडला आणि तो सगळा वाहून गेला, तर एक क्युसेक पाणी होते. आता 862 चौरस मैल म्हणजे साधारण साडेपाच लाख एकर. भागाकार केला तर दर एकरामागे पाऊण क्युसेक येतो. जणू त्या अफाट मुलखातल्या प्रत्येक एकरावरून तासाला पाऊण इंच पाणी एकाच वेळी शहराकडे निघाले होते. एवढ्या मोठ्या क्षेत्राला हे फार होते, आणि तलाव फुटल्याचा त्यात मोठा हात होता.

आपल्या ओढ्यासाठी हाच हिशेब करू या. प्रथम पाणलोट ठरवावा. पावसाळ्यात माथ्यामाथ्याने चालत जावे आणि पाणी कोणत्या बाजूला वळते ते पाहावे. ज्या रानांचे पाणी आपल्या ओढ्यात येते, त्यांचे गट नंबर लिहून सातबाऱ्यावरून क्षेत्राची बेरीज करावी. समजा, ती 300 एकर भरली.

मग पावसाचा वेग. तालुक्याचा पर्जन्यमापक 24 तासांची बेरीज सांगतो. लहान ओढ्याला तेवढ्याने भागत नाही. 300 एकरांच्या टोकाचे पाणी अर्ध्या-पाऊण तासात ओढ्याच्या तोंडाशी पोहोचते, म्हणून त्या अर्ध्या तासात पाऊस किती जोराने पडला हेच महत्त्वाचे. सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा अंगणात मोकळ्यावर ठेवावा आणि जोराची सर आली की दर अर्ध्या तासाने आतले पाणी पट्टीने मोजावे. अर्ध्या तासात एक इंच भरले तर वेग तासाला दोन इंच. ज्याला आपण ढगफुटी म्हणतो, तिचा वेग तासाला चार इंचांच्या घरात असतो.

सगळा पाऊस वाहून जात नाही, काही मुरतो. गवताळ, मुरमाड रानातून पाव हिस्सा वाहतो. भारी काळ्या रानातून अर्धा, आणि महिनाभर भिजून फुगलेल्या काळ्या रानातून त्याहूनही जास्त. उघडा कातळ, पत्रे, सिमेंटचा रस्ता यांवरून जवळजवळ सगळाच. म्हणूनच सप्टेंबरची सर जूनच्या सरीपेक्षा धोक्याची. मूसीचा पूर सप्टेंबरात आला होता, आणि 2025 साली सीनेच्या काठी हाहाकार उडाला तोही सप्टेंबरातच.

तर 300 एकर, तासाला दोन इंच, अर्धा हिस्सा: 300 क्युसेक. ढगफुटी झाली तर 600. एवढे पाणी ओढ्यात मावेल काय? वीस फूट रुंद पात्रात तीन फूट खोल पाणी सेकंदाला पाच फूट वेगाने वाहिले की 300 क्युसेक जातात. (वेग पाहावयाचा तर लाकडाचा तुकडा सोडून पन्नास फूट जायला किती सेकंद लागतात ते मोजावे, व आलेल्या वेगाचा पाचवा हिस्सा कमी करावा, कारण तळाचे पाणी हळू चालते.) दोन्हीकडून बांध सरकवून तेच पात्र आठ फुटांचे केले, तर त्याच वेगाने जायला पाणी साडेसात फूट चढावे लागेल. रस्त्याखाली तीन फुटी नळ्या दोन टाकल्या असतील, तर त्यांतून सारे ऐंशी-पंचाऐंशी क्युसेक जातील. उरलेले दोनशेहून अधिक रस्त्यावरून तरी जाईल किंवा मागे फुगून कोणाच्या तरी घरात. ओढा चोरून मिळालेल्या चार गुंठ्यांची किंमत पुष्कळदा वरच्या शेजाऱ्याने मोजलेली असते, हे स्पष्टच सांगावेसे वाटते.

महाराष्ट्रात पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखते. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मधे निर्बंधांसह. "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ, आज आला की शंभर वर्षे सुटका, असा कोणी घेऊ नये. दरवर्षी शंभरात एक संधी, एवढाच तो अर्थ. घर तीस वर्षे टिकले तर तेवढ्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता चारात एक पडते. निळ्या रेषेच्या पुराची तर दहांत सात. लहान ओढ्यांवर बहुधा कोणी रेषा आखून देत नाही, ती आपणच आखावी.

मूसीवर पुढे उस्मानसागर (1920) आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (1927) बांधून पूर अडविण्याची सोय झाली. तरीही ऑक्टोबर 2020 मध्ये घटकेसरच्या बाजूला एका दिवसात सुमारे 32 सेंटीमीटर पाऊस झाला, पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू यांचे बांध फुटले व खालच्या वस्त्या बुडाल्या. 1908 चाच प्रकार, लहान प्रमाणात.

म्हणून हिशेब झाल्यावर एकदा वरच्या अंगाला जाऊन यावे. पाझर तलाव, बंधारे, शेततळी किती आहेत? सांडव्यात बाभळी वाढल्या आहेत काय? मासे अडविण्यासाठी कोणी सांडव्यावर दगड रचले आहेत काय? बांधावर खेकड्यांची बिळे, झिरपा? तलाव फुटण्याजोगा दिसला तर आपली रेषा आणखी वर न्यावी, आणि ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.

मृगापूर्वी, जाणत्यांना विचारून जुन्या पुराच्या खुणा व आपला हिशेब जुळवून, खांबावर किंवा झाडावर चुन्याचा पट्टा ओढावा. त्याच्या खाली गोठा, कणगी, खताची पोती आणि मोटारीचा स्टार्टर असू नये. संडासाचा खड्डा तर मुळीच नको, कारण पुरात तो विहिरीत मिसळतो आणि हगवण घरोघर जाते. अशी बुडालेली विहीर पाणी उपसून व ब्लीचिंग पावडर टाकूनच पिण्यास घ्यावी.