मत्स्यबीजाची मोजणी : वाटीपासून कॅमेऱ्यापर्यंत

शेततळ्यात मत्स्यपालन करणारे अनेक शेतकरी बंधू खताचा व खाद्याचा हिशेब काटेकोर ठेवतात. परंतु तळ्यात बीज किती सोडले, हे मात्र विक्रेत्याच्या सांगण्यावरच मानतात. वर्षअखेरीस मासे कमी निघाले की मरतूक झाली असे समजले जाते. प्रत्यक्षात मुळात बीजच कमी आलेले असू शकते.

संख्या चुकल्यास काय होते?

समजा, तळ्यात २,००० बोटुकली आहेत असे आपण धरले. माशाचे सरासरी वजन १०० ग्रॅम झाल्यावर एकूण वजन २०० किलो होते. ३ टक्के दराने रोज ६ किलो खाद्य द्यावे लागते. मासे प्रत्यक्षात १,५०० असतील, तर ४.५ किलो पुरते. जादा दीड किलो खाद्य रोज तळाशी कुजते आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. उलट, बीज जास्त पडल्यास गर्दी होऊन वाढ खुंटते.

वाटीची पद्धत

छिद्रे असलेल्या वाटीने बीज उचलून, एका वाटीतील संख्येला एकूण वाट्यांनी गुणतात. ही पद्धत स्वस्त व जलद आहे. मात्र एकाच वाटीवर विसंबू नये. सुरुवातीची, मधली व शेवटची अशा तीन वाट्या घेणाऱ्याने स्वतः निवडून मोजाव्यात. उदाहरणार्थ, २१२, १८८ व २०० बीज निघाल्यास सरासरी २०० येते. दहा वाट्यांचे २,००० झाले. प्रत्येक वाटी पाणी निथळून सारखीच भरावी.

यंत्राने मोजणी

नॉर्वे, चिली या देशांत सालमन माशाच्या पिल्लांची मोजणी यंत्राने होते. यंत्रांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

१) प्रकाशकिरणाचे यंत्र : पिल्ले पाण्याबरोबर अरुंद पन्हळीतून जातात. पिल्लू किरणाच्या आड आले की एक आकडा वाढतो. दोन पिल्ले चिकटून गेल्यास एकच मोजले जाते.

२) कॅमेऱ्याचे यंत्र : वाहत्या पिल्लांची एकामागून एक छायाचित्रे घेऊन संगणक त्यांची संख्या काढतो. काही यंत्रे आकाराचाही अंदाज देतात. गढूळ पाणी, फेस, बुडबुडे व काडीकचरा यांमुळे चूक होते.

यंत्राची परीक्षा

हाताने मोजलेली २०० पिल्ले यंत्रातून तीन वेळा सोडावीत. सरासरी १९० आल्यास यंत्र ५ टक्के कमी मोजते. मग यंत्राने १,९०० दाखविल्यास खरी संख्या सुमारे २,००० समजावी. पिल्लांचा आकार किंवा सोडण्याचा वेग बदलल्यास परीक्षा पुन्हा करावी.

लहान शेतकऱ्याने काय करावे?

वर्षातून एकदोनदा बीज घेणाऱ्याने यंत्र विकत घेण्याची गरज नाही. ते बीज केंद्राला किंवा मोठ्या गटाला परवडेल. आपण पांढऱ्या ट्रेमध्ये २ ते ३ सें.मी. पाणी घेऊन एका वाटीतील बीज विरळ सोडावे. वरून मोबाइलने छायाचित्र काढून लगेच बीज पाण्यात परत सोडावे. मग छायाचित्र मोठे करून, चौकोन पाडून सावकाश मोजावे. त्यामुळे पिल्लांना त्रास कमी होतो व पुरावाही राहतो.

मोजणी सकाळच्या थंड वेळी, सावलीत, ओल्या हातांनी करावी. वाटी असो वा यंत्र, आकडा स्वतः पडताळून तारखेसह वहीत लिहावा. खाद्याचा पुढील सारा हिशेब याच आकड्यावर उभा असतो.