आईला सोबत हवी, पहारा नको

प्रश्न : आई ७८ वर्षांची, पुण्यात एकटी राहते. गुडघे दुखतात, तरी स्वयंपाक स्वतःच करते. मी बंगळुरूला असते. मदतनीस ठेवू म्हटलं की नाराज होते. काय करू?
– एक वाचक

उत्तर : आधी आईंनाच विचारा, कोणतं काम जड जातं? अंघोळ, जिने, बाजारहाट? तेवढ्यापुरतीच सकाळी दोन-तीन तास बाई ठेवा. स्वयंपाक आईंकडेच राहू द्या. भाजी चिरणं, जड भांडी उचलणं बाईंनी करावं. हातची कामं काढून घेतली की माणूस लवकर खचतं.

मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई घेताना आया हवी की प्रशिक्षित नर्स, हे स्पष्ट सांगा. इंजेक्शन, ड्रेसिंग आयाकडून करून घेऊ नका. निवड आईंसमोर करा, पोलिस पडताळणी करून घ्या. कामं, पगार, सुट्ट्या आणि बदली बाई कधी मिळेल, हे लिहून ठेवा. दागिने, एटीएमचा पिन यांपासून बाईंना दूर ठेवा.

बाईंनाही वेळेवर पगार, चहा-जेवण आणि मान द्या. त्यावरच सोबत टिकते. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवाच. अडचण आल्यास ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. महिनाभराने आईंशी एकांतात बोला आणि त्यांचं म्हणणं अंतिम माना.