गाडी येईपर्यंत अंग गार करा

चैत्र लागला की उन्हाने आजारी पडलेल्या पेशंटचे नातेवाईक एक वाक्य हमखास सांगतात : "अंग फणफणलं होतं डॉक्टर, म्हणून तापाची गोळी दिली." घरात ताप आलेल्या माणसाला पॅरासिटामॉल देणं ठीकच आहे. पण भर दुपारी कांदे काढताना माणूस कोसळला, अंग भाजतंय आणि तो भलतंसलतं बोलतोय, तर तो ताप नव्हे. तिथे ही गोळी काहीही करत नाही, आणि ती शोधण्यात गेलेली दहा मिनिटं मात्र परत मिळत नाहीत.

असं का, ते सांगतो. शरीराचं आतलं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्याचं काम मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग करतो. जंतुसंसर्ग झाला की हाच भाग आपली ठरलेली पातळी वर नेतो. म्हणून 39 अंश ताप असतानाही थंडी वाजते, गोधडी ओढून घ्यावीशी वाटते. शरीराला त्या वेळी गरम व्हायचंच असतं. पॅरासिटामॉल ही वाढलेली पातळी खाली आणते. उष्माघातात पातळी वाढलेलीच नसते. मेंदू अंग गार करायला जिवाच्या आकांताने धडपडत असतो, पण बाहेरून येणारी आणि राबणाऱ्या स्नायूंत तयार होणारी उष्णता त्याला बाहेर टाकता येत नाही. मग गोळी खाली आणणार काय? उलट या अवस्थेत यकृताला आधीच इजा होत असते, त्यावर औषधाचा आणखी भार नको.

उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे मुख्य वाटा दोनच. एक, रक्त त्वचेकडे वळवायचं, म्हणजे उष्णता हवेत जाते. ही वाट हवा अंगापेक्षा गार असेपर्यंतच चालते. उन्हात त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. मालेगावात पारा 42 वर गेला की हवाच अंगाला तापवू लागते. मग उरतो घाम. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो वाळला पाहिजे, नुसता ठिबकला तर उपयोग नाही. नाशिकला माठातलं पाणी गारेगार होतं आणि मुंबईत तोच माठ जेमतेम गार करतो, त्याचं कारण हेच : दमट हवेत पाणी उडून जात नाही.

16 एप्रिल 2023 हा दिवस म्हणूनच विसरू नये. खारघरच्या मैदानात आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा झाला. त्यांचे लाखो अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, उघड्यावर तासन् तास उन्हात बसले होते. जवळच्या केंद्रावर नोंदलं गेलेलं तापमान सुमारे 38 अंश होतं. आपल्या नाशिककडच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर ऊन आणि दाटीवाटीने बसलेली माणसं यांत घाम वाळायला वावच नव्हता. सरकारी आकड्यानुसार 14 जणांचा बळी गेला. निव्वळ पारा बघून ऊन किती घातक आहे ते ठरवू नका, हे मी या घटनेनंतर प्रत्येकाला सांगतो.

नाशिक, निफाड, येवला, चांदवडचा उन्हाळा याच्या उलट, कोरडा. इथे घाम येतो आणि क्षणात वाळतो. अंग कोरडं राहतं, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. कांदेकाढणीला येणाऱ्या बायकांना मी एक प्रश्न आवर्जून विचारतो, "दिवसभरात लघवीला किती वेळा गेलात?" खाली मान घालून उत्तर येतं, "घरून निघताना, मग घरी गेल्यावर." वावरात आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. पाय वळतात, गोळे येतात, डोकं ठणकतं, मळमळतं, आणि सगळं 'पित्त' म्हणून अंगावर काढलं जातं. शेतमालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे : पाण्याच्या जारइतकीच साडीचा का होईना, आडोसा बांधण्याची सोय करा. काम पहाटे सुरू करून अकरा-साडेअकराला थांबवा. आणि नवीन मजुराला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी देऊ नका. उन्हात काम करायला शरीर तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवाला खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांनाही हेच लागू. रात्री आणि पहाटे चाला, दुपारी सावली धरा.

म्हाताऱ्या माणसांची तहानच कमी झालेली असते, त्यांना मागण्याची वाट न बघता दर तासाला पाणी, ताक, पन्हं द्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, मानसिक आजारावरची काही औषधं, सर्दीच्या काही गोळ्या यांनी उन्हाचा धोका वाढतो. औषध मनाने बंद करू नका, पण उन्हाळा लागताच आपल्या डॉक्टरांना एकदा विचारा. हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं, तेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

आता माणूस कोसळलाच तर. काखेत थर्मामीटर लावत बसू नका, तो अनेकदा खरं तापमान दाखवतच नाही. अंग तापलेलं आहे आणि माणूस बरळतोय, ओळखत नाही, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपली आहे, एवढं पुरे. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असंही समजू नका. राबणाऱ्या माणसाला त्यातही दरदरून घाम येतो. 108 ला फोन करा आणि त्याच वेळी त्याला सावलीत घ्या. कपडे सैल करा, शक्य तेवढे काढा. विहिरीच्या मोटारीचं, टाकीचं, मिळेल ते पाणी अंगभर ओतत राहा आणि पुठ्ठा, उपरणं, जे हाती येईल त्याने जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत ठेवा. तापल्या अंगावर गार पाणी ओतू नये, ही भीती इथे पूर्ण बाजूला ठेवा. मेंदू, यकृत, किडनी किती वाचणार हे अंग किती लवकर गार झालं त्यावर ठरतं. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. शेततळ्यात मात्र उतरवू नका. प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरतो, आणि भान नसलेला माणूस बुडतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, सरबत, काहीही घालू नका, कुशीवर वळवा.

खिशात कांदा ठेवल्याने किंवा तळपायाला कांद्याचा रस चोळल्याने शरीराचं तापमान उतरत नाही. कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे सांगताना मला आढेवेढे घ्यायचे नाहीत. खिशात कांदा आहे म्हणून बाराच्या उन्हात निर्धास्त निघालेला माणूस मला जास्त काळजीत टाकतो.

पाणी ओतल्यावर माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्याच. यकृत आणि किडनीची इजा पुढच्या दोन-तीन दिवसांत उघडी पडू शकते. लघवी चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर त्याच दिवशी तपासणी करून घ्या.