दाबमापकाची कसोटी आणि गाळणीचे महत्त्व

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे गाव तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. भूगर्भातून वर येणारे हे पाणी खडकांतील क्षार आपल्याबरोबर घेऊन येते. क्षारयुक्त पाणी भांड्यात आटविले, तर तळाशी पांढरा थर उरतो, ही गोष्ट गृहिणींच्याही परिचयाची आहे. हाच थर एखाद्या बारीक नळीच्या तोंडाशी बसला, तर तिच्यावर अवलंबून असलेले उपकरण चुकीचा आकडा दाखवू लागते. दाब मोजणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे केंद्र आहे. येथील सायझिंग कारखान्यांत ताण्याच्या सुताला खळ लावून ते वाफेने तापलेल्या रुळांवरून वाळविले जाते. ही वाफ बाष्पकात तयार होते आणि बाष्पकावरील कामगाराचे लक्ष सतत दाबमापकाच्या काट्यावर असते. बाष्पकांच्या सुरक्षिततेसाठी १९२३ साली केलेल्या कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा बाष्पके अधिनियम आला. परंतु कायदा कितीही काटेकोर असला, तरी काटाच खोटे बोलू लागला तर कामगाराला धोक्याची सूचना मिळणार कोठून?

दाबमापक कसा चालतो?

बहुसंख्य दाबमापकांत धातूची एक चपटी, वाकविलेली नळी असते. युजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली या रचनेचे एकस्व घेतले. नळीत दाब वाढला की तिचा बाक किंचित उलगडतो आणि ही हालचाल दातेरी चाकांमार्फत काट्यापर्यंत पोहोचते. कालांतराने धातू थकतो, दाते झिजतात, नळीत गाळ साचतो. त्यामुळे मापकाची ठरावीक मुदतीने एखाद्या अधिक अचूक उपकरणाशी तुलना करावी लागते. या तुलनेस अंशशोधन म्हणतात; कारखान्यांत कॅलिब्रेशन हा शब्द रूढ आहे.

अंशशोधनाचे जुने व विश्वासू साधन म्हणजे वजनांचे दाबपरीक्षक यंत्र. एका उभ्या दट्ट्यावर ठाऊक वजने ठेवली जातात. दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर असेल आणि त्याच्यासह एकूण भार ५ किलोग्रॅम असेल, तर खालच्या द्रवात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाब निर्माण होतो. घर्षण कमी व्हावे म्हणून दट्ट्या फिरता ठेवतात. दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांमधील फट अवघ्या एक-दोन मायक्रॉनची असू शकते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. अशा फटीत गंजाचा एक कण शिरला तरी दट्ट्या अडखळतो, त्यावर ओरखडे पडतात आणि महागडे यंत्र निकामी होण्याच्या मार्गाला लागते.

घाण उलट दिशेने येते

तपासणीसाठी आणलेल्या मापकात गंज, क्षार, तेल किंवा साचलेले पाणी असतेच. दाब वाढविताना परीक्षक यंत्रातील द्रव वा वायू मापकाकडे जातो; त्या वेळी काही बिघडत नाही. दाब सोडताना मात्र प्रवाह उलटतो आणि मापकातील घाण परीक्षक यंत्रात शिरते. अशा दूषित यंत्रावर पुढे जे मापक तपासले जातील, त्या सर्वांचे दाखले संशयास्पद ठरतात. एका मापकाचा दोष मग शंभर मापकांत पसरू शकतो.

यावरील साधा उपाय म्हणजे दोहोंच्या मध्ये योग्य गाळणी बसविणे. सच्छिद्र धातूची बारीक गाळणी घन कण अडविते. पण तेल व पाणी तिला पुरेसे अडविता येत नाही. त्यासाठी मापकाच्या खालच्या बाजूस द्रव साठविणारे भांडे व निचऱ्याची झडप लागते. दाब सोडतानाची हवा परीक्षक यंत्राकडे न येता मापकाच्या बाजूनेच बाहेर जावी, अशी जोडणी केल्यास संरक्षण अधिक भक्कम होते.

गाळणीमुळे मापन चुकेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. दाब स्थिर झाला की गाळणीतून प्रवाह थांबतो. प्रवाह नसला की दोन्ही बाजूंचा दाब समान होतो. म्हणून थोडे थांबून वाचन घेतल्यास गाळणीमुळे चूक येत नाही. मात्र मापकाच्या बाजूस गळती असेल, तर प्रवाह चालू राहतो आणि मापकापाशी दाब कमी भरतो. तुंबलेली गाळणी हा फरक वाढविते. यास्तव प्रथम गळती तपासणे व गाळणी वेळेवर बदलणे आवश्यक आहे.

प्रश्न केवळ कारखान्याचा नाही

प्राथमिक आरोग्य केंद्रातील निर्जंतुकीकरणाच्या वाफपात्रावरही दाबमापक असतो. दर चौरस इंचाला १५ पौंड दाबाच्या शुद्ध वाफेचे तापमान सुमारे १२१ अंश सेल्सिअस असते. १० पौंडांना ते सुमारे ११५ अंशच राहते. काटा १५ दाखवीत असून प्रत्यक्ष दाब १० असेल, तर नेहमीच्या वेळात शस्त्रक्रियेची साधने पूर्ण निर्जंतुक होतील याची शाश्वती नाही. रुग्णाला याची कल्पनाही नसते.

प्राणवायूच्या मापकांबाबत तर विशेष दक्षता हवी. दाबाखालील प्राणवायू तेलाच्या संपर्कात आल्यास आग लागू शकते. म्हणून हे मापक तेलावर चालणाऱ्या यंत्रावर कधीही तपासू नयेत आणि त्यांची साधने व गाळण्या स्वतंत्र ठेवाव्यात.

काय पाहावे?

मापक तपासून घेणाऱ्या अधिकाऱ्याने वा पंचायत सदस्याने पुढील बाबींची खात्री करावी. मापक काढल्यावर त्यातील पाणी निथळून, तो साफ करून पाठविला आहे काय? तपासणाऱ्याच्या यंत्राचा स्वतःचा दाखला मुदतीत आहे काय, आणि त्याची साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील मानकांपर्यंत पोहोचते काय? मध्ये गाळणी होती काय, आणि ती शेवटची केव्हा बदलली? दाब चढताना आणि उतरताना, अशी दोन्ही वाचने नोंदविली आहेत काय? चढत्या व उतरत्या वाचनांत मोठा फरक आढळल्यास मापक अडखळत आहे, असे समजावे.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. चहाच्या गाळणीतून गढूळ पाणी व मिठाचे पाणी ओतून दाखविले, तर गाळणी काय अडविते आणि काय अडवीत नाही, हे विद्यार्थी क्षणात ओळखतील. गाळणीची किंमत परीक्षक यंत्राच्या मानाने अल्प असते. पण तिच्या आधाराने जो आकडा खरा राहतो, त्यावर बाष्पकापाशी उभ्या असलेल्या कामगाराचा आणि आरोग्य केंद्रातील रुग्णाचा जीव अवलंबून असतो.