छपरावरील विजेचा भाव

मालाचा दर घेणारानेंच ठरवावा, या रीतीचा अनुभव शेतकरी वाचकांस सांगावयास नको. जर्मनींत छपरावर सौर पॅनेल बसविणाऱ्या गृहस्थांसही तोच आला. १९९१ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें त्यांची वीज घेणें कंपन्यांस भाग पडलें. दर, ग्राहकांकडून मिळणाऱ्या सरासरी किंमतीच्या शेंकडा ९०. वरवर पाहतां हा उदार दिसतो. पण पॅनेल तेव्हां इतकें महाग कीं खर्चाचा अल्प अंशच निघे. आखेन शहरांतील सौरऊर्जा मंडळानें हिशेबच उलटा मांडला : वीज बाजारांत कितीस मिळते हें न पाहतां, ती उत्पन्न करण्यास काय पडतें तें पहावें. त्याप्रमाणें १९९५ पासून तेथें युनिटास २ मार्क मिळूं लागले, आणि तेही २० वर्षेंपर्यंत. भार सर्व ग्राहकांवर वांटला; मात्र वीजदर त्यापायीं शेंकडा १ हून अधिक वाढूं द्यावयाचा नव्हता. मुदतीची ही हमी आमच्या मतें दराहूनही मोलाची; तिच्यावांचून यंत्रासाठीं कर्ज कोण देणार? २००० च्या कायद्यानें हीच पद्धत, ९९ फेनिग दरानें, देशभर नेली. पुढें यंत्रें स्वस्त झालीं तसा नव्या जोडण्यांचा दर उतरविला. जुन्यांचा ठरल्याप्रमाणें राहिला. २०२१ च्या आरंभीं पहिल्या मुदती संपल्या, आणि त्या छपरांची वीज बाजारभावावर आली.